कणगी भरली, पण ताटाचे काय?



सुगीला किती पोती आली, बियाण्याला किती ठेवायची, पुढच्या सुगीपर्यंत घरात किती लागतील, हा हिशेब तुम्हांला कुणी शिकवायला नको. देशाचा हिशेबही असाच असतो.

१९५१ साली आपण ३६ कोटी होतो. २०११ च्या शिरगणतीत १२१ कोटी झालो. धान्य मात्र त्याहून जोरात वाढले. १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी टन पिकले होते, २०२२-२३ मध्ये सुमारे ३३ कोटी टन. सुधारित बियाणे, खत, विहिरी-कालव्यांचे पाणी आणि तुमचा घाम यांची ही करामत. मग काळजी कसली?

काळजी जमिनीची अन् पाण्याची. पेरणीखालची जमीन १९७० पासून १४ कोटी हेक्टरांच्या आसपासच आहे. विहीर आटली की बोअर, बोअर आटली की आणखी खोल. असे किती दिवस चालणार? महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराची वहिती सरासरी साडेदहा एकर होती. २०१५-१६ मध्ये ती सव्वातीन एकरांवर आली. वाटण्या झाल्या, बांध वाढले. बांधावर काही ज्वारी येत नाही!

लोकांनी हे ओळखले आहे. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. मुले मोजकी झाली, हे चांगलेच. पण त्याच पाहणीत पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. घरात धान्य असून असे का? कारणे अनेक आहेत. नुसत्या भाकरीवर मूल वाढत नाही, त्याला डाळ, दूध, अंडे, पालेभाजी लागते. दुसरे एक कारण मात्र तुमच्या हातातले आहे. पहिले मूल अंगावर पीत असतानाच आईला पुन्हा दिवस गेले, तर त्याचे दूध लवकर तुटते. आईचे अंग भरून आलेले नसते, रक्त कमी असते. पोटातले बाळही कमी वजनाचे होण्याची भीती. एकाच वेळी तिघांची आबाळ!

म्हणून दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर ठेवा. मुलगा हवा म्हणून घाई करू नका. सासूबाईंनीही सुनेला घाई करू नये.

पाळणा लांबवायला निरोध आहे, तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळी आहे. सरकारी दवाखान्यात ही साधने मोफत मिळतात. कोणते आपल्याला सोसेल, हे आरोग्यसेविकेला किंवा डॉक्टरांना विचारून दोघांनी मिळून ठरवा. कुणाची सक्ती नाही.

मुले पुरे झाली असतील तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी. ताकद जात नाही, शेतातली कामे पहिल्यासारखी होतात. एवढे मात्र ध्यानात ठेवा: नसबंदीनंतर तीन महिने निरोध वापरावा आणि मग वीर्य तपासून घ्यावे.