आई विसरली, तरी आपण विसरू नये



काही महिन्यांपूर्वी रविवारच्या मिस्सात एक आजी ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर गेल्या आणि रांग संपण्यापूर्वीच पुन्हा येऊन उभ्या राहिल्या. आम्ही हळूच विचारले, “आजी, आत्ताच घेतलात ना?” त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मागे कुजबुज झाली, कोणी हसलेही. सून मान खाली घालून त्यांना बाहेर घेऊन गेली. त्यानंतर आजी चर्चमध्ये दिसल्या नाहीत. आम्हीही चौकशीला जायला उशीर केला, ही आमची चूक. शेवटी घरी गेलो तेव्हा सून म्हणाली, “फादर, लोक हसतात. आणि आईंना आता काही कळत नाही, मग आणून उपयोग काय?” त्या कुटुंबाच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत, कारण हा प्रश्न आपल्या अनेक घरांत आहे.

प्रथम आजाराविषयी. म्हातारपणी चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो ते विसरणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. आपल्या देशात साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. हा मेंदूचा आजार आहे. तो हट्ट नव्हे, ढोंग नव्हे आणि कोणाच्या पापाची शिक्षा तर नव्हेच नव्हे.

आता सुनेचा प्रश्न. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाचे विचार वाचले होते. माणसाची जाणीव, त्याची आठवण जिथवर पोचते तिथवरच ‘तो’ तोच माणूस असतो, असे त्यांचे म्हणणे. वर्गात ते पटण्यासारखे वाटले. परंतु आजींच्या खाटेजवळ बसल्यावर ते अपुरे वाटते. आपल्यापैकी किती जणांना स्वतःचा बाप्तिस्मा आठवतो? त्या दिवशी आपल्याला काहीच कळत नव्हते. आईवडील आणि धर्ममातापिता आपल्या वतीने बोलले आणि ख्रिस्तसभेने आपल्याला नावाने स्वीकारले. कळत नाही म्हणून कोणी आपल्याला दारातून परत पाठवले नाही. मग आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, आजींना काही आठवत नसताना, त्यांच्या वतीने बोलायची पाळी आपली आहे.

पवित्र शास्त्रही हेच शिकवते. बेन सिराच्या ग्रंथातील तिसरा अध्याय घरी वाचावा. वडिलांची बुद्धी मंदावली तरी त्यांना समजून घ्यावे, आपल्या अंगात बळ आहे म्हणून त्यांना तुच्छ लेखू नये, असे तो लेखक मुलांना बजावतो. चौथी आज्ञा आईवडिलांची स्मरणशक्ती शाबूत असेपर्यंतच पाळायची नाही. आणि यशयाच्या ४९व्या अध्यायात परमेश्वर सांगतो की, एखादी आई बाळाला विसरली तरी तो आपल्याला विसरणार नाही. आजी देवाचे नाव विसरल्या, तरी देव त्यांचे नाव विसरलेला नाही.

घरी काय करावे?

१. आधी डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य किंवा काही औषधे यांमुळेही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. एकदोन दिवसांत एकाएकी भ्रम झाला, तर लघवीचा संसर्ग किंवा अंगातील पाणी कमी होणे असे कारण असू शकते. तेव्हा थांबू नये.

२. वाद घालू नये. आजी आपल्या वारलेल्या आईची वाट पाहत असतील, तर “ती कधीच गेली” असे पुन्हापुन्हा सांगून त्यांना रोज नवे दुःख देऊ नये. “तुमची आई कशी होती?” असे विचारावे.

३. जेवण, आंघोळ, प्रार्थना यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. गॅसकडे लक्ष ठेवावे, न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा आणि नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात ठेवावी.

४. रोझरी सोबत म्हणावी. मुलाचे नाव न आठवणाऱ्या या आजींनी आमच्याबरोबर ‘नमो मरिया’ शेवटपर्यंत म्हटली. लहानपणापासून हजारो वेळा ओठांवर आलेले शब्द पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात.

५. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी शेवटच्या घटकेची वाट पाहू नये. शुद्धीत असताना ज्यांनी अप्रत्यक्षपणे का होईना तो मागितला असेल, त्यांना तो द्यावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो. जन्मभर मिस्साला येणे हे मागणेच नव्हे काय?

आणि सांभाळणाऱ्यांचे काय? बहुतेक घरांत हा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर पडतो. रात्री झोप नाही, दिवसा उसंत नाही. तिचा कधी आवाज चढला, तर तिला दोष देण्याआधी आपण तिच्यासाठी काय केले, हे शेजाऱ्यांनी स्वतःला विचारावे. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील अशी घरे शोधावीत आणि आठवड्यातून दोन तास कोणी तरी आजीआजोबांजवळ बसावे, म्हणजे ती बाई निदान मिस्साला येऊ शकेल. ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हा सरकारी फोन नंबरही विनामूल्य आहे.

त्या आजी आता पुन्हा येतात. शेजारची एक मुलगी त्यांच्याजवळ बसते. त्या दुसऱ्यांदा रांगेत आल्या, तर आम्ही त्यांच्या कपाळावर क्रूसाची खूण करतो आणि त्या समाधानाने जागेवर जातात. आता कोणी हसत नाही. तुमच्याही घरी असे कोणी असेल, तर त्यांना घेऊन या. त्यांची जागा इथे राखलेली आहे.

प्रभू सर्व ज्येष्ठांना शांती देवो आणि त्यांना सांभाळणाऱ्या हातांना बळ देवो.

आपले प्रमुख धर्मगुरू