टोकन दिलं, कागद नाही

प्रश्न : आमच्याच सोसायटीतल्या काकांचा फ्लॅट घ्यायचं ठरलं. विश्वासावर दोन लाख टोकन दिलं, कागद केला नाही. आता ते भाव वाढवून मागतात. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : तोंडी करार कायद्याने मुळातच बाद ठरत नाही, पण तो शाबित तुम्हाला करावा लागतो आणि तिथंच बहुतेकांची दमछाक होते. पैसे बँकेतून गेले असतील तर खातेउतारा काढून ठेवा. व्हॉट्सअॅपवर काकांनी ‘पंचाहत्तरला फायनल, दोन मिळाले’ असं काही लिहिलं असेल तर ते जपा; आज तोच तुमचा कागद. रोख दिली असेल तर पंचाईत आहे. घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे काका रक्कम कबूल करायलाच कचरतील.

आधी समोरासमोर बसा. जमलं तर साध्या विसार पावतीवर न थांबता साठेखत नोंदवून घ्या. मालकी मात्र नोंदणीकृत खरेदीखतानंच मिळेल. नाहीच जमलं तर वकिलाची नोटीस. करारपूर्तीच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची : ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर नकार कळल्यापासून. मला विचाराल तर एवढ्या पुराव्यावर कोर्टात वर्षं घालवू नका, टोकन परत मागा. तेही बँकेतूनच घ्या.