आशाताईंच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन कसं करावं?

प्रश्न : नवजात बालकांच्या काळजीच्या प्रशिक्षणाआधी आणि नंतर आम्ही लेखी चाचणी घेतो. गुण वाढतात. एवढं पुरेसं आहे का?
– एक प्रशिक्षक, नवीन जालना

उत्तर : नाही. महिन्याभरानं ताईंसोबत बाळंतिणीच्या घरी जा. बाळ शांत असताना त्या पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात का? ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजतात का? मधे टोकू नका. बाळाला धोका दिसला तर मात्र लगेच बोला. कामाचा परिणामही मोजता येतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूतांचं काम थेट बालमृत्यूंवर तपासलं. आरोग्यदूत असलेल्या ३९ गावांची तुलना ते नसलेल्या ४७ गावांशी केली. नवजात मृत्युदर ६२ टक्के घटल्याचं १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आणखी एक, ताईंचा वजनकाटा चालू आहे का तेही पाहा. तो बंद असेल, तर कमी गुण त्यांना देऊ नका.