टुंड्रा : जिथे पाने कुजत नाहीत

भूगोलाच्या पुस्तकात टुंड्राची ओळख ‘थंड व वृक्षहीन प्रदेश’ अशी असते. ती बरोबरच आहे. पण मला टुंड्रा समजला तो तिथल्या जमिनीमुळे.

अलास्का, उत्तर कॅनडा आणि सायबेरियाच्या उत्तर टोकाला हा प्रदेश पसरला आहे. सर्वांत उबदार महिन्याचे सरासरी तापमानही १० अंश सेल्सिअसच्या खाली राहते. वनस्पतींना वाढायला जेमतेम ५० ते ६० दिवस मिळतात. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर वितळतो, खालची जमीन मात्र हजारो वर्षे गोठलेलीच असते. तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. मुळे खोल जात नाहीत, म्हणून उंच झाडे नाहीत. शेवाळ, बुटकी झुडपे आणि दगडफूल वाढते. आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद तिथे रेनडिअरचे हिवाळी अन्न आहेत!

पाऊस व हिम मिळून वर्षाला साधारण २५ सेंटीमीटरच, म्हणजे वाळवंटासारखे. पण थरच्या वाळूत पाणी मुरते. टुंड्रात ते मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात दलदल होते.

माझे घर रायपूरजवळ बीरगांवला आहे. तिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि वर्षाला १०० सेंटीमीटरहून अधिक पाऊस पडतो. छत्तीसगडच्या साल-सागाच्या पानझडी वनात गळलेली पाने ऊब, ओल आणि वाळवीमुळे लवकर कुजून मातीत मिसळतात. तैगाच्या सूचिपर्णी वनात हे काम सावकाश चालते. टुंड्रात तर वनस्पतींचे अवशेष गोठून साठत राहतात. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टमध्ये असा साठलेला कार्बन वातावरणातील कार्बनच्या सुमारे दुप्पट आहे.

ही जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात आणि पृथ्वी आणखी तापते. बीरगांवला लागूनच उरला औद्योगिक क्षेत्र आहे. अशा कारखान्यांत जळणाऱ्या कोळशाचा कार्बन डायऑक्साइड रायपूरच्या आकाशातच थांबत नाही. तो साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. म्हणून टुंड्रा आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. भारतानेही २००८ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवापासून सुमारे १,२०० किलोमीटरवर, ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केले.

मित्रांनो, परीक्षेत ‘टुंड्रा व पानझडी वने : फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला, तर तापमान, पाऊस आणि झाडे लिहाच. पण गळलेल्या पानाचे पुढे काय होते, तेही लिहा. मोठा फरक तिथेच आहे.