पावसाळ्यात घोड्याच्या पायाचे बूट : निवड व निगा

पावसाळा सुरू झाला म्हणजे घोडा-तट्टू बाळगणाऱ्यांची खरी परीक्षा सुरू होते. माथेरानमध्ये मोटारींना बंदी असल्यामुळे माणसे व सामान वाहण्याचे बरेचसे काम घोड्यावर होते आणि तेथील तांबड्या मातीच्या वाटा पावसात निसरड्या होतात. पठारावर मेंढ्यांबरोबर हिंडणाऱ्या धनगरांचे बिऱ्हाडही तट्टाच्या पाठीवर चालते. अशा कुटुंबाचे जनावर पंधरा दिवस लंगडे झाले, तर तितके दिवस मिळकत थांबते. हे नुकसान टाळण्यासाठी काही जण घोड्याच्या पायांस बूट बांधतात. परंतु बुटाची निवड चुकली किंवा निगा राहिली नाही, तर ज्या पायाच्या रक्षणासाठी तो बांधला त्याच पायास त्यापासून इजा होते.

बूट कोणत्या घोड्यास बांधावा?

बुटाचे काम मुख्यतः दोन प्रकारचे आहे. चालताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायाच्या आतील बाजूस लागत असेल, तर नळीच्या हाडावर बांधावयाचा बूट तो मार झेलतो. मागचा खूर पुढच्या पायाच्या टाचेवर आदळत असेल, तर खुराभोवती बसणारा घंटेच्या आकाराचा रबरी बूट वापरतात. चिखलात पुढचा पाय रुतून उशिरा निघतो. त्यामुळे टाचेस मार लागण्याचा व नाल निखळण्याचा संभव वाढतो.

पायाच्या आतील बाजूस केस घासलेले अथवा जखमेच्या खुणा दिसत असतील, तर प्रथम नालबंदाकडून खूर व नाल तपासून घ्यावेत. ज्याची चाल सरळ आहे व जो सावकाश ओझे वाहतो, अशा घोड्यास चिखलात बूट न बांधणेच बहुधा हिताचे असते.

ओलाव्यापासून होणारा विकार

पाय फार वेळ ओला राहिला म्हणजे कातडी नरम पडते. बुटात शिरलेली वाळू व माती ती घासून काढते आणि अशा कातडीत रोगजंतूंचा शिरकाव होतो. खुराच्या वरच्या खोलगट भागात मागील बाजूस खपल्या धरतात, केस गळतात, पाय सुजतो व घोडा लंगडू लागतो. पांढऱ्या पायांच्या घोड्यांत हा विकार अधिक आढळतो. बुटाखाली ऊब व ओल एकत्र कोंडली जाते, हे सदैव ध्यानात ठेवावे.

निवड कशी करावी?

१. चिखलासाठी पाणी न शोषणारा बूट घ्यावा. रबराचा किंवा पाणी न धरणाऱ्या फोमचे अस्तर असलेला बूट लवकर धुऊन वाळतो.

२. लोकरीचे अथवा नमद्याचे अस्तर पाणी पिऊन जड होते. कातडी बूट भिजून वाळल्यावर कडक होतो. हे दोन्ही कोरड्या दिवसांसाठी ठेवावेत.

३. कापडी पट्ट्या गुंडाळू नयेत. ओली पट्टी सैल होऊन पायात अडकते किंवा आवळून बसते.

४. चिकटपट्टीत चिखल भरला की तिची पकड जाते. बक्कल असलेला बूट मिळाल्यास तो पसंत करावा.

५. नळीचा बूट गुडघ्याच्या खाली व खुरावरच्या सांध्याच्या हालचालीस अडथळा न करणारा असावा.

बांधण्याची रीत

पाय स्वच्छ व कोरडा असल्याखेरीज बूट बांधू नये. बूट थोडा वर धरून खाली सरकवावा, म्हणजे केस उलटे फिरत नाहीत. जाड बाजू आत व बक्कल बाहेर, पट्ट्यांची टोके मागे, असे ठेवावे. प्रथम मधली पट्टी लावावी. बूट व पाय यांमध्ये एक बोट जाईल इतकीच ढील असावी. काम संपताच बूट सोडावा. चरताना अथवा तबेल्यात रात्रभर तो पायांत ठेवू नये.

रोजची निगा

बूट सोडल्यावर पायावरून हात फिरवून ऊब, सूज व खपली पाहावी. चिखल वाळू देऊन मऊ ब्रशाने झाडावा. पाय धुतल्यास कोरड्या फडक्याने पूर्ण टिपावा. बूट आतून-बाहेरून धुऊन सावलीत वाऱ्यावर वाळवावा, चुलीजवळ ठेवू नये. ओला बूट दुसऱ्या दिवशी चढवू नये; म्हणून शक्य तर दोन जोड ठेवावेत. एका घोड्याचा बूट दुसऱ्यास वापरू नये. तबेल्याच्या दारात व पाण्याच्या हौदाजवळ मुरूम टाकून पाण्यास वाट करून द्यावी. जमीनच कोरडी राहिली, तर निम्मा त्रास वाचतो.

विकार दिसल्यास

बूट ताबडतोब बंद करावा व घोडा कोरड्या जागी बांधावा. खपल्या कोरड्याच ओरबाडू नयेत. सूज, ताप अथवा लंगडणे दिसताच पशुवैद्यकास दाखवावे. घोड्यास धनुर्वाताचा धोका फार असतो. म्हणून लहान जखमही उपेक्षू नये व प्रतिबंधक लस वेळेवर टोचून घ्यावी. काही जंतू माणसासही बाधतात, याकरिता पाय हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

ग्रामसेवकांनी पावसाळ्यापूर्वीच आपल्या भागातील घोडेवाल्यांस एकत्र बोलावून बूट बांधण्याची ही रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. बूट विकत घेण्यास पैसा लागतो. परंतु पाय कोरडा ठेवण्यास रोजची पाच-दहा मिनिटे पुरतात.