नोकरी सोडताना दार आपटू नका: कॅप्टन कुकच्या टेकडीवरचा धडा

व्हिडिओत ज्या टेकडीचा नकाशा दाखवला, त्या वाटेने आज जरा सावकाश चालूया. वाट इंग्लंडमधली आहे, पण धडा आपल्या दुकानाचा आहे.

उत्तर यॉर्कशरमध्ये ग्रेट एटन नावाचं गाव आहे. प्रसिद्ध दर्यावर्दी जेम्स कुक इथे वाढला. जन्म १७२८ चा, जवळच्या मार्टन गावातला. १७३६ मध्ये कुटुंब इकडे आलं. वडील एअरीहोम नावाच्या शेतावर मुकादम होते.

थांबा १: शाळा. गावात शिरलात की जुन्या शाळेच्या जागी छोटं संग्रहालय दिसतं. पोराच्या शिक्षणाचा खर्च शेतमालक थॉमस स्कॉटो यांनी उचलला. म्हणजे पहिली मदत वडिलांच्या मालकाकडून!

थांबा २: रोझबेरी टॉपिंग. शेताच्या वर ही ३२० मीटरची टेकडी. शेवटचा चढ दमवतो. १९१२ मध्ये दरड कोसळली आणि एक बाजू कापल्यासारखी झाली. कुकच्या लहानपणी तिचा आकार वेगळा होता. हवा स्वच्छ असेल तर वरून समुद्र दिसतो.

थांबा ३: ईझबी मूर. पुढच्या माळरानावर ऑगस्टमध्ये हेदरची जांभळी फुलं असतात. तिथे १८२७ मध्ये उभारलेला कुकचा दगडी स्तंभ आहे, साधारण १५ मीटर उंच. इथे बसा, आता मुद्द्याचं ऐका.

१७४५ मध्ये कुक स्टेथ्स या किनाऱ्यावरच्या गावी विल्यम सँडरसन यांच्या दुकानात कामाला लागला. किराणा आणि कापड विकायचं. साधारण दीड वर्षात कळलं, मन समुद्राकडे आहे. मग तो पळून गेला का? नाही. सँडरसन यांनीच त्याची ओळख व्हिटबीच्या जॉन वॉकर यांच्याशी करून दिली. वॉकर यांची कोळसा वाहणारी जहाजं होती. कुक तिथे शिकाऊ म्हणून लागला.

१७५५ मध्ये वॉकर यांनी त्याला एका जहाजाचं कप्तानपद देऊ केलं. त्याने ते न घेता नौदलाची वाट धरली. तरी संबंध तुटले नाहीत. १७७१ मध्ये जगप्रवास करून आल्यावर त्याने वॉकर यांना पत्रं लिहिली. ज्या ‘एंडेव्हर’ जहाजावरून तो गेला होता, तेही व्हिटबीलाच बांधलेलं, कोळशाचंच जहाज!

आता माझी चूक सांगतो. बीबीएनंतर मी एका दुकानात दोन वर्षं होतो. सगळं कळतं असं वाटलं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर न सांगता जाणं बंद केलं. पुढे स्वतःचं दुकान काढलं, होलसेलरकडे उधारी मागितली. त्याने विचारलं, "आधी कुठे होतास?" त्याने जुन्या मालकांना फोन केला. मला वर्षभर रोखीनेच माल उचलावा लागला. भांडवल होतं हो, पत नव्हती.

तुमचा गृहपाठ

१. निदान महिनाभर आधी मालकांना समोर बसून सांगा.
२. उचल, चाव्या, हिशेब चुकता करा. नव्या पोराला काम शिकवा.
३. दुकानाच्या उद्घाटनाचं पहिलं आमंत्रण त्यांनाच द्या.

आणि तुम्ही आधीच दार आपटून आला असाल, तर आज फोन करा. मी चार वर्षांनी केला. शेठ एवढंच म्हणाले, "चहाला ये." त्या चहानंतर मला उधारीवर माल मिळायला लागला.