‘लीरा’ म्हणजे सरी कीं वरंबा?

तापांत रोगी बरळूं लागला म्हणजे आपण त्यास वात झाला म्हणतों, व डॉक्टर डिलिरियम म्हणतात. हा शब्द मुळांत वैद्यकाचा नसून नांगरटीचा आहे. ‘लीरा’ हें लॅटिन भाषेंतील एक विरळा आढळणारें नाम त्याच्या पोटीं आहे. लीरेपासून जो ढळला तो ‘डेलीरुस’, म्हणजे भ्रमिष्ट. (इटलींत २००२ पर्यंत चाललेल्या लिरा नाण्याशीं याचा संबंध नाहीं, तें नांव वजनवाचक ‘लीब्रा’ शब्दापासून झालें.)

ही व्युत्पत्ति देतांना पुष्कळ लेखक लीरा म्हणजे सरी असा अर्थ करितात. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन कृषिग्रंथकार कोलुमेल्ला स्पष्ट लिहितो कीं, दोन सऱ्या अधिक अंतरावर काढिल्या असतां त्यांच्यामध्यें मातीचा जो उंचवटा राहतो व धान्यास कोरडी बैठक देतो, त्यास शेतकरी लीरा म्हणतात. तेव्हां लीरा म्हणजे वरंबा. आणि शब्द शेतकऱ्यांचा असल्यामुळें त्यांनीं केलेला अर्थच प्रमाण धरिला पाहिजे.

क्रियेचें वर्णन वर्रो यानें इ. स. पू. ३७ मध्यें, वयाच्या ऐशींच्या घरांत असतांना लिहिलेल्या ग्रंथांत आहे. पहिली नांगरट जमीन फोडण्याची, दुसरी ढेंकळें मोडण्याची, आणि तिसरी बीं फेंकल्यानंतरची. या तिसरीस ‘लीरारे’ म्हणत. तिच्या वेळीं फाळास लहान फळ्या जोडीत. त्यामुळें माती सरकून बीं वरंब्यांत झांकलें जाई, आणि पावसाचें पाणी निघून जाण्यास सरीही त्याच फेरींत पडे. इटलींत गव्हाची पेरणी शरदांत होते व मागून हिवाळ्याचा पाऊस येतो; अशा वेळीं चिबड रानांत बीं सरींत राहिलें तर तें कुजावयाचेंच. ऊस सरींत लावणाऱ्या वाचकांस हा भेद क्षुल्लक वाटेल. परंतु काळ्या जमिनींत रुंद वरंबा-सरी पद्धतीनें सोयाबीन पेरणारास तो समजावून सांगावा लागणार नाहीं.

‘डेलीरातिओ’ हा शब्द याच कामावरून निघाला असें प्लिनी (मृत्यु इ. स. ७९) म्हणतो. नांगऱ्या वांकून न चालल्यास नांगर वांकडा जातो, त्या दोषास ‘प्रेवारिकारी’ म्हणत, हेंही तो तेथेंच नमूद करितो. तो शब्द पुढें शेतांतून न्यायसभेंत गेला, व प्रतिपक्षाशीं आंतून संगनमत करणाऱ्या वकिलास लागूं झाला.